अण्णांची रोडकिंग: अठरा वर्षं उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू करताना

पार्श्वभूमी

मुंबईत कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर, एका दुमजली चाळीच्या जिन्याखाली निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली एक मोटारसायकल अठरा वर्षं उभी होती. येझदी रोडकिंग, २५० सीसी, रंग मरून. ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचं काम नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संपलं. त्या घरातली धाकटी मुलगी माझ्या ऑफिसात आहे आणि मी स्वतः दोन जुन्या गाड्या सांभाळतो, म्हणून तिने मला बोलावलं. कुटुंबाच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वडिलांना घरात अण्णा म्हणत, इथेही अण्णाच म्हणतो.

अण्णा बेस्टच्या आगारात फिटर होते. १९८४ साली, थोरला मुलगा झाला त्या वर्षी, पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी ही गाडी नवी घेतली. ज्यांनी येझदी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर गाड्या बनवल्या. १९७३ पासून त्या येझदी या नावाने निघू लागल्या, १९७८ ला रोडकिंग आली आणि १९९६ ला कारखानाच बंद झाला. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. किक मारून गाडी चालू झाली की तो दांडा पुढे पाडायचा आणि त्यावरच गिअर टाकायचे. चाळीतली पोरं नुसतं हे बघायला जमत, असं थोरला सांगतो.

अण्णांची दुसरी पाळी रात्री उशिरा सुटायची. झोपलेल्या लोकांना त्रास नको म्हणून ते गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करत आणि गाडी ढकलत जिन्यापर्यंत आणत. "आवाज बंद झाला की मी आमटी गरम करायला ठेवायचे," हे आईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली, आणि चाळीच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी चढलं. गाडी दीड दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर अण्णांनी कार्बोरेटर धुतला, गिअरबॉक्सचं तेल काढलं (ते दुधाच्या चहासारखं निघालं), प्लग बदलला आणि तीन आठवड्यांनी गाडी चालू करून दाखवली. पंधरा दिवस चालली. मग कलिन्याच्या रस्त्यावर आतून ठोका यायला लागला आणि इंजिन जॅम झालं. ढकलत घरी आणली, ताडपत्री टाकली. तेव्हा धाकटीचं शिक्षण चालू होतं, थोरल्याला नोकरी नव्हती. नंतर करू म्हणता म्हणता राहिलं. अण्णा २०२१ मध्ये गेले.

अडचण

येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. अशा इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखी खाली तेल साठवायची जागा नसते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. त्यामुळे सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून पाणी आत गेलं की ते सरळ क्रँकवर येऊन बसतं. अण्णांनी गिअरबॉक्स धुतला तो बरोबर धुतला, पण क्रँककेसमध्ये राहिलेल्या गढूळ पाण्याने तोवर बेअरिंगच्या गोळ्यांना गंज धरला होता. त्याच बेअरिंगवर गाडी पंधरा दिवस पळाली. ते कसलेले फिटर होते, त्यांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. पूर्ण इंजिन खोलायला त्या महिन्यात पैसे नव्हते, एवढंच.

ही झाली यंत्राची अडचण. दुसरी घरातली. थोरला पुण्यात असतो, त्याला गाडी शोरूममधून आत्ताच निघाल्यासारखी हवी होती, तीही काळ्या रंगात. धाकटीला एकही ओरखडा पुसलेला नको होता. अण्णांनी तिला याच गाडीवर चालवायला शिकवलं, टाकीच्या उजव्या बाजूला तिच्या सँडलच्या बक्कलाचा जुना ओरखडा आहे, आणि तो कुठे आहे हे ती डोळे मिटून बोटाने दाखवते. आईंना रंगाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आवाज ऐकायचा होता.

गाडी कारखान्याने बनवली तशी करायची, की अण्णांनी वापरली तशी ठेवायची? हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी मोठ्याने विचारला नाही. पुढची सगळ्यात मोठी चूक त्यातूनच झाली.

कोणते पर्याय होते

विकून टाकणं हा पहिला. ताडपत्री काढल्याचं कळताच दोघे विचारून गेले, एकाने आहे त्या स्थितीत चाळीस हजार देऊ केले. आईंनी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, गाडी पुसून, गंज थांबवून घरात शोभेला ठेवणं. खर्च सर्वांत कमी. पण दहा बाय बाराच्या खोलीत मोटारसायकल ठेवणार कुठे? आणि आईंना हवा होता तो आवाज त्यातून निघणार नव्हता.

तिसरा, संपूर्ण नवी: सगळं क्रोम, सगळा रंग, नवी सीट, नवे रिम. चौथा, आतून नवी आणि बाहेरून जुनी. मी चौथ्याच्या बाजूने होतो आणि ते लपवलं नाही. जुना रंग गेला की परत आणता येत नाही, इंजिन मात्र हवं तेव्हा पुन्हा खोलता येतं. दोन रविवारांच्या चर्चेनंतर तोडगा निघाला तो असा: इंजिन पूर्ण करायचं. टाकी आणि मागचा मडगार्ड जुन्याच रंगात राहतील. फ्रेम, पुढचा मडगार्ड, चेन कव्हर आणि बाजूच्या डब्यांची झाकणं फार गंजली होती, ती नव्याने मरून रंगवायची. काळा रंग थोरल्याने स्वतःहून सोडला, कारण आरसी बुकात मरून लिहिलेला होता आणि रंग बदलला तर तीही नोंद करून घ्यावी लागली असती.

इंजिन

जवळच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं होतं, गिअर टाकून चौघांनी ढकला, जॅम सुटेल. ते केलं नाही याचं आजही समाधान आहे. पिस्टनची गंजलेली रिंग तशीच ओढली असती तर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाच्या भिंतीवर, खोल चरे पडले असते, कदाचित कनेक्टिंग रॉडही वाकला असता. परळच्या एका गल्लीत आयुष्यभर जावा-येझदीच करत आलेले एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल ओतलं आणि म्हणाले, "आता हात लावायचा नाही." अकरा दिवस. दर दोन दिवसांनी थोडं तेल वाढवायचं, बस. बाराव्या दिवशी हेड काढलं, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं आणि पिस्टन केसभर सरकला. धाकटी त्या वेळी तिथे होती. ती रडली, आणि काका हातातलं फडकं घेऊन उगाच दुसरीकडे काहीतरी पुसत राहिले.

पिस्टन बाहेर आला तर त्याच्या माथ्यावर ०.५० असा शिक्का. म्हणजे अण्णांनी एकदा बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून घेतला होता. हे इंजिन मूळ ६५ मिलिमीटर बोअरचं. बोअर वाढवायचा तर पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात. ०.७५ वर गंजाचे खड्डे जाणार नव्हते, म्हणून थेट १.०० वर जावं लागलं. हा निर्णयाचा टप्पा होता, कारण १.०० नंतर पुढचा पिस्टन सहसा मिळत नाही. पुन्हा झिजला की सिलिंडरच्या आत स्लीव्ह, म्हणजे धातूची नवी नळी, बसवावी लागते. आत्ताच स्लीव्ह बसवून मूळ मापावर यावं का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. गाडी वर्षाला हजार किलोमीटरही चालणार नाही, त्या हिशेबाने हा बोअर धाकटीला आयुष्यभर पुरेल, असं काकांचं मत पडलं. मूळ ओतीव धातूचा सिलिंडर शाबूत राहिला. मला तो निर्णय अजूनही योग्य वाटतो.

क्रँक लालबागच्या एका जुन्या लेथवाल्याकडे गेला. प्रेसवर दोन्ही वेब (क्रँकच्या दोन बाजूच्या जड चकत्या) वेगळे करून नवा रॉड आणि पिन बसवली, मग डायल गेज लावून तांब्याच्या हातोडीने टकटक करत क्रँक सरळ आणला. त्या कामाला दोन तास लागले आणि दोन तास कोणी बोललं नाही.

सुटे भाग मिळवण्यात चार महिने गेले. २०२२ मध्ये येझदी नावाने नव्या गाड्या बाजारात आल्या, पण त्या ३३४ सीसीच्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचा एकही भाग या गाडीला लागत नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसजवळची स्पेअर पार्टची दुकानं, चोर बाजारातली मटण स्ट्रीट, सगळं पालथं घातलं. बेअरिंग सहज मिळाले, ते मापावर मिळतात. तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांनी, ऑइल सीलने, मात्र त्रास दिला. स्वस्तातले सील बसवले, दोनशे किलोमीटरवर गळले, गिअरबॉक्सचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जाऊ लागलं आणि सायलेन्सरमधून पांढरा लोट. इंजिन पुन्हा उघडावं लागलं. चारशे रुपये वाचवायला गेलो आणि सहा हजार घातले.

गिअरबॉक्स उघडल्यावर काका थांबले. किकचा शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, म्हणजे बुश, बाजारातला नव्हता. पितळेचा, लेथवर काढलेला, आतून तेलासाठी बारीक चर दिलेला. काकांनी तो बोटावर फिरवून पाहिला, उजेडात धरला. "हा तुमच्या वडिलांनी काढलाय," ते म्हणाले. "बाजारात असा मिळणार नाही." मोजला तर झीज नगण्य. नवा बुश डब्यातच राहिला आणि अण्णांचा परत आपल्या जागी बसला. दोन्ही भावंडांचं एकमत झालेला तो पहिला निर्णय.

वायरिंग नवं केलं, पण ६ व्होल्टच ठेवलं आणि ठिणगीची वेळ साधणारे जुन्या पद्धतीचे कॉन्टॅक्ट पॉइंटही तसेच. १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन करून घ्या, असं अनेकांनी सुचवलं. रोज रात्री चालवायची गाडी असती तर मीही तेच म्हटलं असतं, सहा व्होल्टचा दिवा खरंच मिणमिणता असतो. ही गाडी सकाळीच निघणार होती.

टाकीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आता ही अडचण प्रत्येक जुन्या गाडीला आहे. आतला गंज नट-बोल्ट टाकून हलवून आणि फॉस्फोरिक आम्लाने काढला. बाहेरचा रंग सांभाळायचा असल्यामुळे टाकीला प्लास्टिक गुंडाळून, एक थेंब न सांडता हे करावं लागलं. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर नवे, इथेनॉल सोसणारे घेतले. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, असा घरात नियम झाला आहे.

डब्याचं झाकण

आता जे चुकलं ते.

सीटखाली उजव्या बाजूला हत्यारांचा डबा असतो. त्याच्या झाकणाच्या आतल्या अंगाला अण्णांनी पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने गाडीचा सगळा इतिहास लिहून ठेवला होता. वर एका लिटरला किती तेल ते, आणि खाली तारखा: बोअर केला, क्लच प्लेट बदलल्या, टायर घातला. आगारात बसच्या दुरुस्तीची नोंद ठेवायची सवय, ती घरच्या गाडीलाही लावलेली.

झाकणं रंगवायच्या यादीत होती. फ्रेम आणि इतर पत्र्यांसोबत ती एका टेम्पोतून सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज-रंग खरवडून काढायला, गेली. यादी मी केली होती. झाकण गंजलंय हे मी बाहेरून पाहिलं, उलटं करून पाहिलं नाही. डबा लॉक होता, किल्ली सापडत नव्हती, म्हणून ज्याने लॉक तोडलं त्यानेच झाकण थेट ढिगात टाकलं. भावंडांना त्या लिखाणाची आठवण होती, पण दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने सांगितलं असेल. चार दिवसांनी पत्रे राखाडी, कोरे होऊन परत आले. तेव्हा आईंनी विचारलं, "त्याच्यावर ह्यांनी लिहिलेलं होतं, ते कुठंय?"

वाळूच्या माऱ्यानंतर काहीही उरत नाही. एक जुना फोटो सापडला, थोरल्याच्या मुंजीतला. त्यात गाडी मागे उभी आहे, डबा उघडा आहे आणि झाकणाचा एक कोपरा दिसतो. मोठा करून पाहिला तर "४० मिली" एवढं वाचता येतं. बाकी सगळं गेलं.

धाकटीने सुचवलं, आठवतंय तेवढं अण्णांच्या वळणात परत लिहून घेऊ. पत्र्यावर नावं रंगवणारा एक चांगला माणूसही मिळाला. आई नको म्हणाल्या. "ह्यांचं अक्षर दुसऱ्याने कशाला काढायचं." झाकण मरून रंगात, आतून कोरंच बसवलं.

कागदपत्रं

पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवताच येत नाही, असं अर्ध्या लोकांनी सांगितलं. तो नियम दिल्लीचा आहे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. अण्णांनी १९९९ आणि २००४ ला ती करून घेतली होती. २००९ नंतर काहीच नाही.

एका एजंटने विंटेज म्हणून नोंदवून देतो म्हटलं. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. १९८४ च्या गाडीला तो नियम लागूच नव्हता.

खरा गुंता नावाचा होता. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. इथे तीन वर्षं झाली होती. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, थोरल्याचं ना-हरकत पत्र आणि आईंनी ट्रंकेत रेशनकार्डासोबत जपलेलं मूळ आरसी बुक, एवढं घेऊन वडाळ्याला फेऱ्या झाल्या. जुनं तीन अक्षरी नंबराचं पुस्तक संगणकावर नव्हतं, ती नोंद आधी चढवावी लागली. ते बुक पुरात वाचलं कारण ट्रंक माळ्यावर होती. ते नसतं तर हे प्रकरण इथेच थांबलं असतं.

इथे एक गोष्ट नशिबाने वाचली. चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो त्या जागेवर टेप लावूनच फ्रेम ब्लास्टिंगला गेली होती. त्या रंगकाम करणाऱ्याची ती नेहमीची पद्धत. नंबर पुसट झाला असता तर तपासणीला निरीक्षकाने गाडी परत पाठवली असती. पीयूसी पहिल्या वेळी नापास झाली. २००० च्या आधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा त्याच्या वर निघाला. गाडी थंड होती आणि मिश्रण जाड. वीस मिनिटं चालवून, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून पुन्हा नेली, पास झाली.

निष्पत्ती

अंदाज पंचावन्न हजारांचा होता, खर्च ब्याण्णव हजार झाला. फरक बहुतेक क्रोममध्ये आणि दुसऱ्यांदा इंजिन उघडण्यात गेला. चांगलं क्रोम म्हणजे खाली तांबं, वर निकेल आणि शेवटी क्रोमचा पातळ थर. दोन सायलेन्सर, हँडल आणि रिम अशा नीट करून घ्यायच्या म्हणजे पैसे लागतातच.

पहिले पाचशे किलोमीटर चाळिशीच्या आत चालवायची होती. धाकटी रविवारी पहाटे साकीनाका, पवई करत आरेत जाऊन यायची. अण्णा मुलांना आरेतल्या छोटा काश्मीर बागेत न्यायचे तो साधारण हाच रस्ता. मीटर शून्यावर आणू का, असं मीटर दुरुस्त करणाऱ्याने विचारलं होतं. नाही म्हणून सांगितलं. अण्णांच्या किलोमीटरच्या पुढेच आकडे चढताहेत.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी थोरला चालवत होता. गल्लीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणली. आई दारात उभ्या होत्या. त्या आत वळल्या आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

पुन्हा करायचं झालं तर

काहीही सुटं करण्याआधी एक पूर्ण दिवस फक्त फोटो काढण्यात घालवायचा. प्रत्येक झाकण, प्रत्येक पत्रा, आतून आणि बाहेरून. हत्यारांचा डबा सगळ्यात आधी, आणि किल्ली नसेल तर लॉक आपल्यासमोरच तोडायचं. तो ढीग टेम्पोत चढण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः ज्यांनी गाडी कधी चालवली नाही त्यांनी, एकदा नजरेखालून घालायचा. आईंना त्या दिवशी खाली बोलावलं असतं तर झाकण वाचलं असतं. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे म्हणून आम्ही बोलावलं नाही.

नावावर करून घेण्याचं काम इंजिनाच्या आधी हाती घ्यायचं. आम्ही ते शेवटी घेतलं आणि तयार गाडी अडीच महिने जिन्याखाली उभी राहिली. सील पहिल्याच वेळी चांगले घ्यायचे.

आणि गाडी कोणासाठी, कोणाच्या आठवणीतली करायची आहे, हे पान्याला हात लावण्याआधी घरात बोलून घ्यायचं. टाकीच्या बाबतीत ते बोललो, म्हणून सँडलचा ओरखडा आहे. झाकणाबद्दल बोललो नाही.

परवा क्लचच्या प्लेटा बदलल्या. धाकटीने तारीख वहीत लिहिली. झाकण अजून कोरंच आहे.